हातचा

मी आवाज धरायचो.
लांब दांड्याच्या टोकाला माईक, वर राखाडी लोकर.
मुशियाच्या धक्क्यावरची पोरं म्हणायची,
हा मेलेलं मांजर घेऊन फिरतो.
आन्शो बोलायचा, मी ऐकायचो.
बावीस वर्षं, गॅलिसियाचा अख्खा किनारा:
वणवे, निवडणुका, वाळूवर आलेलं तेल,
आणि बोटी.
बोटी जास्त.

बातमी चाळीस सेकंदांची.
आन्शो म्हणायचा, तेवढ्यात धड शिंक येत नाही
आणि मी माणूस पुरून मोकळा होतो.

त्याची बायको उशिया तेव्हा
एका दंतवैद्याकडे फोन घ्यायची,
रात्री ओट्याशी बसून लिहायची
बिलांच्या पाठकोऱ्या बाजूंवर.
हा यायचा बुटांत वाळू घेऊन,
काल्दो गार होईस्तोवर सांगत बसायचा
जे दाखवलं नाही ते.
मीही असायचो, पाव मोडत.

'नोवा रोसिन्या' बुडाली त्या आठवड्यात म्हणाला,
"खलाशाच्या बायकोनं त्याचे घरातले जोडे
उंबऱ्यापाशी ठेवले होते, टोकं आत करून.
आल्या आल्या पाय सरकवता यावेत म्हणून."

उशियाच्या हातातली पळी थांबली.
मला ते थांबणं ऐकू आलं.
माझं कामच ते.

तीन वर्षांनी जोडे पुस्तकात आले.
पान एकशे बारा.
सतरा भाषा. विमानतळांवर चॉकलेटांशेजारी
हातभर उंचीच्या थप्प्या.
दंतवैद्य स्वतः रांगेत उभा राहिला सहीसाठी.
आन्शोची टेप स्टेशननं पुसली,
तिच्यावर फुटबॉल भरला.

राग नाही येत? लोक विचारायचे.
तो खांदे उडवायचा.
बोलला एकदाच, पार्किंगमध्ये, दोन बिअरनंतर:
"शाळेत बेरजेला मास्तर म्हणायचे ना, हातचा एक,
बाजूला बारीक लिहून ठेव.
मी जन्मभर हातचं राखून बोललो, शुर्शो.
तिनं ते पुढच्या घरात मिळवलं.
गणित तिचं बरोबर आहे."

पुढं ती दोघं वेगळी झाली. भांडण नाही.
तो रात्रीच्या बातम्यांना बसू लागला, पावडर लावून,
मग निवृत्त, मग एका हिवाळ्यात
मुख्य बातम्यांनंतर त्याचा फोटो:
अकरा सेकंद. मी मोजले.
तिच्या सहाव्या कादंबरीवर कुणीतरी लिहिलं,
जोड्यांसारखं काही परत जमलेलं नाही.

गेल्या ऑक्टोबरात मुशियाच्या वाचनालयात
तिचं वाचन होतं. माईक मीच लावला,
पेन्शनला तेवढाच हातभार.
तिनं एकशे बारावं पान वाचलं. लोक ते मागतातच.
मग रांग, सह्या.
शेवटी एक म्हातारी, हातात पुस्तक नाही,
काखेत छत्री.

"ते जोडे मी नव्हते ठेवले," म्हणाली.
"मला कुठलं सुचतंय. बाकावर डोळा लागला होता.
दाढीवाल्या टीव्हीवाल्यानं कॅमेरा बंद करवला,
चुलीत लाकूड सारलं,
पलंगाखालचे जोडे काढून दाराशी लावले.
मी अर्धवट जागी होते. बोलले नाही.
बरं वाटलं, कुणीतरी वाट बघतंय असं."

उशियानं माझ्याकडं पाहिलं.
मी वायर गुंडाळत होतो.
मीही होतो त्या खोलीत.
यंत्र बंद होतं, पण कान काय बंद होतात?
फरशीवर एक, मग जरा थांबून
दुसरा.
ओट्याशी त्या रात्री तो बायकोचं नाव लावून सांगत होता
आणि मी पाव मोडत होतो.

उशियाला बराच वेळ शब्द सापडेना.
मग विचारलं तिनं, अगदी हळू,
माईकवर आलंही नसतं:
"मग काय केलंत त्यांचं?"

"करायचं काय," म्हातारी म्हणाली,
"झाडताना उचलते.
झाडून झालं की ठेवते."